ओला दोरा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आमच्या भिंतीवरचं सीताफळाचं जुनं चित्र मी चोरलेलं आहे.

दहिवलीत एक म्हातारे बुकबाइंडर राहतात. मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्या कपाटात फळाफुलांच्या चित्रांचं फार जुनं पुस्तक आहे. काळा छाप, आणि वरून प्रत्येक चित्र हाताने रंगवलेलं. त्यांच्या वडिलांकडे ते बांधणीला आलं, न्यायला कोणी आलंच नाही. "अमानत हाय, सर," चाचा म्हणायचे. "मालकाचा कोण आला तर पुरं द्यायचं."

मी चित्रकलेचा शिक्षक. असली चित्रं जमवायचं मला वेड. एका शुक्रवारी चाचा नमाजाला गेले, तेव्हा मी शिवणीलगत ओला दोरा ठेवून पुस्तक मिटलं. ते परतायच्या आत पान अलगद सुटलं. ही युक्ती त्यांनीच मला शिकवली होती.

पुढच्या खेपेला ते सुनेवर, म्हणजे भाभींवर, ओरडत होते.

"पोरांच्या हाती दिलंस ना गं?"

"मी कपाटाला हातबी लावत नाय, अब्बा."

"मग काय, शिताफळ पिकलं न् पाखरांनी नेलं?"

मला हसू आलं. खरंच आलं. मग मी चहा प्यायलो.

तेव्हापासून किल्ली चाचांच्या गळ्यात. पुस्तक निघालं की भाभी दारातूनच म्हणतात, "सर, चित्रं तुमीच मोजा. मागनं माझ्यावर नको." आणि मी मोजतो.

मागच्या वर्षी ते पान परत ठेवायला नेलं होतं. चाचांना आता नीट दिसत नाही, भाभी आत होत्या. पण पुस्तकातल्या सगळ्या चित्रांत पाला हिरवागार, आणि माझ्या चित्रात निळा. माझ्या भिंतीवरच्या उन्हाने हिरव्यातला पिवळा खाल्ला होता. पान कुठेतरी टांगलेलं होतं, हे कोणीही ओळखलं असतं. पान तसंच घरी आणलं आणि पाला पुन्हा हिरवा करायला ब्रश उचलला. जन्मभर पोरांना रंग शिकवणारा मी, हात चालेना.

आता चाचा अंथरुणाला खिळलेत. परवा म्हणाले, "सर, मालक आला तर काय सांगू? सुनेनं फाडलं सांगू?" भाभी त्यांची उशी नीट करत होत्या. त्यांचा हात थांबला. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी उठून चपला घातल्या.

चाचांना पान देणं आहे, निळं तर निळं. त्याआधी भाभींना, चाचांच्या देखत, एवढंच देणं आहे: पान मी काढलं.