तिसऱ्या ओळीतली चीर

डोळ्यांत तेल घालून काम करावं, असं लोक म्हणतात. काचमावशीला ते कधीच पटलं नाही. तेलाचे डाग काचेवरून निघता निघत नाहीत, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी म्हणी करू नयेत. ती बघायची ती बोटांनी.

चष्म्याची भिंगं करणाऱ्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसली होती. भिंग उचलायचं, खिडकीकडे तिरपं धरायचं, अंगठ्याचं नख फिरवायचं आणि टाकायचं: डावं खोकं पास, उजवं नापास. तिने उजवीकडे टाकलेलं भिंग उचलून डावीकडे ठेवायची हिंमत मालकालाही नव्हती. कारखाना बंद पडला तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि घरात बसून भिंतींशी गप्पा मारायची तिची मुळीच तयारी नव्हती. त्याच सुमाराला गावाबाहेरच्या कड्यावर, समुद्राच्या डोक्यावर, काचेचा सज्जा उभा राहिला. काचा पुसायला बाई हवी होती. ही गेली आणि पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबाला म्हणाली, "फडकं बदला. हे फडकं काच पुसत नाही, मळ फिरवतं."

साहेब म्हणजे सज्जाचा व्यवस्थापक. तरुण, इस्त्रीचे कपडे, खिशाला दोन पेनं. पुढे एकदा मावशी चष्मा घरी विसरली, तो द्यायला तिची लेक आली, आणि वर्षाच्या आत साहेब तिचा जावई झाला. तेव्हापासून पंचाईत. घरी तो तिला आई म्हणायचा, कामावर मावशी. ती घरी त्याला जावईबापू म्हणायची, कामावर साहेब. दोन्हीकडे तो तिचं ऐकत नसे, एवढाच काय तो मेळ.

सज्जावर पायाखाली छत्तीस काचा होत्या, नवाच्या चार ओळी. काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून येणाऱ्या प्रत्येकाने बुटांवर कापडी खोळी चढवायच्या, असा नियम साहेबाने स्वतः केला होता आणि दाराशी हातभर पाटी लावली होती: पाय झाकल्याशिवाय काचेवर प्रवेश नाही. मावशी सकाळी दार उघडायच्या आधी समुद्राकडच्या टोकाला जाऊन गुडघ्यावर बसायची आणि काचा पुसत उलटी दाराकडे यायची. खाली खडक, फेस, गरगरणारे पक्षी. तिचं तिकडे लक्ष नसे. पाहुणे खाली बघून किंचाळायचे तेव्हा तिला वाटायचं, एवढी भीती वाटते तर आलात कशाला? कोणी बोलावणं पाठवलं होतं?

गुरुवारी सकाळी तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या काचेवर तिचा हात थांबला.

फडकं फिरवलं तरी एका जागी केसाएवढी ओल राहत होती. पुन्हा पुसलं, पुन्हा ओल. तिने मान कलती केली. एक रेघ चकाकली. मान सरळ केली, रेघ गेली. ओरखडा असा लपंडाव खेळत नाही. ओरखडा कुठूनही बघा, दिसतोच. कोनावर दिसते आणि कोनावर जाते, पाणी पिऊन बसते, ती चीर.

तिने तडक साहेबाला गाठलं. तो दारापर्यंत आला, चौकटीला हात लावून उभा राहिला, मान लांब केली.

"ओरखडा आहे, मावशी."

"इथून काय दिसतंय तुम्हाला? पुढे या, वाका, नख लावून बघा."

"मला दिसतंय ना."

"तुम्हाला काच तरी दिसतेय का नीट?"

"मावशी, कामं पडलीत मला."

शुक्रवारी तीच गोष्ट. चीर बोटभर पुढे सरकली होती. मावशीने कडेला साबणाची खूण केली होती म्हणून कळलं. साहेब पुन्हा दारातून म्हणाला, "ओरखडाच आहे." शनिवारी त्याने कंपनीच्या अभियंत्याला फोन केला तो मावशीच्या समोर, मुद्दाम मोठ्या आवाजात. अभियंता मंगळवारी येणार होता.

"मग मंगळवारपर्यंत बंद ठेवा."

"उद्या रविवार! दोन बस आहेत. वरच्या ऑफिसातून पाहुणे येणारेत, त्यांना काय सांगू? आमच्या सफाईच्या बाईंना वाटतंय म्हणून?"

सफाईच्या बाई! घरी याच माणसाला तिने तापात तीन रात्री उशाशी बसून पाणी पाजलं होतं. पण मावशीला राग त्याचा नव्हता. राग याचा होता की सव्वीस वर्षं तिचं नापास ते नापासच असायचं, आणि इथे एका काचेपायी घसा फोडूनही कोणी ढिम्म हलत नव्हतं. उद्या त्या काचेवर कोणाचं तरी पोर उड्या मारणार होतं. पोरं मारतातच.

रविवारी सकाळी चीर कडेला टेकायला दोन बोटं उरली होती. मावशीने काचा पुसल्या, हात धुतले, खोळींचं पोतं उचललं, सगळ्याच्या सगळ्या खोळी त्यात कोंबल्या, तोंड बांधलं आणि पोतं पाठीवर टाकून निघाली.

दाराशी रखवालदार होता. आयुष्यभर बसवर कंडक्टर, म्हणून सगळे त्याला कंडक्टरच म्हणायचे. नियम म्हटला की त्याच्या अंगात यायचं.

"मावशी, कुठं निघालात? खोळी धुवायला?"

"घरी. पायाला खोळ नसेल तर कोणाला आत सोडाल?"

"माझ्या बापाला नाही सोडणार."

"शाब्बास. बापालाच काय, साहेबालाही सोडू नका."

मावशीचं घर कड्याच्या पलीकडच्या वस्तीत. पायवाट कड्याच्या पोटाला बिलगून खाली उतरते, सज्जाच्या खालून वळसा घेते आणि पुढे दीपगृहाच्या बाजूने वर चढते. एका बाजूला झुडपं, दुसऱ्या बाजूला गंजलेल्या खांबांना बांधलेला दोर, त्याच्या पलीकडे काही नाही. मावशी रोज हीच वाट तुडवायची. पाटी लावली, बाकडी टाकली, तरी पाहुणे या वाटेला फिरकत नसत. घाम येतो ना! काचेवर उभं राहिलं की फोटो निघतो. वाटेवर नुसते पाय दुखतात.

पाठीवर पोतं घेऊन ती पहिल्या वळणापर्यंत गेली असेल नसेल, तोच वरून हाका सुरू झाल्या.

"मावशी! अहो मावशी! थांबा!"

ती थांबली नाही.

"आई! आई, थांबा ना!"

आता आई! गळ्याशी आलं की नातं आठवतं. ती तरीही चालत राहिली. मागून बुटांचा घसरण्याचा आवाज, गोट्यांचा खडखडाट, मग जावई धापा टाकत येऊन पोहोचला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने झुडूप धरलेलं. काटेरी झुडूप.

"खोळी द्या. बस आल्यात. कंडक्टर कोणाला सोडत नाहीये. मी म्हटलं अनवाणी जाऊ दे, तर मलाच पाटी वाचून दाखवतो!"

"तुम्हीच लिहिलीय."

"आई, हात जोडतो. नोकरी जाईल माझी."

"आणि त्या काचेवरून कोणी गेलं तर? ती नोकरी नाही, जीव आहे. घ्या, धरा पोतं."

तिने पोतं पुढे केलं. ते घ्यायला त्याने हात सोडायला हवा होता. त्याने झुडूप सोडलं नाही. तळहातातून रक्त येत होतं, तरी सोडलं नाही. नजर समोर, अगदी नाकासमोर, चुकूनही दोराच्या पलीकडे नाही. चेहरा पिठासारखा पांढरा. मावशी बघतच राहिली.

"तुम्हाला उंचीची भीती वाटते?"

त्याने झुडूप आणखी आवळलं.

"काचेवर कधी पाय ठेवलाय का तुम्ही?"

"…नाही."

"पाच वर्षांत?"

"एकदा ठेवला होता. उद्घाटनाला. मग उलटी झाली."

मावशीने कपाळाला हात लावला. म्हणजे तीन दिवस हा गृहस्थ दारात उभा राहून ओरखडा, ओरखडा करत होता ते ओरखडा दिसत होता म्हणून नव्हे. आत जायला नको म्हणून! चीर म्हटली की वाकून बघावी लागणार, ओरखडा म्हटला की दारातूनच भागतं.

"अहो, मग हे पहिल्याच दिवशी बोलायचं होतं की!"

"काचेच्या सज्जाच्या व्यवस्थापकाने? कोणाला बोलायचं?"

"मला! घरात रोज माझ्यासमोर जेवता, तोंडाला कुलूप असतं का?"

"तुम्ही हसला असता."

"हसले असते. मग? हसण्याने कोणी मरत नाही. काच फुटल्याने मरतं."

तिने पोतं पुन्हा पाठीवर टाकलं आणि दुसरा हात पुढे केला. "चला. अजून एक वळण. खाली बघू नका, माझ्या पाठीकडे बघा. पोतं धरून चला."

जावई पोत्याचा कोपरा धरून, आंधळ्यासारखा पाय सरकवत, तिच्या मागे निघाला. तोंडाने पुटपुटणं चालूच होतं: पाहुणे, बस, वरचं ऑफिस. दुसऱ्या वळणावर मावशी थांबली. इथे पायवाट बरोब्बर सज्जाच्या खाली येते. वर पोलादी चौकटी, त्यांत छत्तीस काचा, आणि सकाळचं ऊन काचांतून तिरपं आरपार.

"आता वर बघा. वर बघायला तर भीती नाही ना?"

त्याने वर पाहिलं. तिसरी ओळ, पाचवी काच. कोपऱ्यापासून निघालेली एक लखलखीत रेघ, तारेसारखी ताणलेली, जवळजवळ पलीकडच्या कडेला भिडलेली. तिला कोणी ओरखडा म्हटलं नसतं. शाळेतल्या पोरानेही म्हटलं नसतं.

"अरे देवा," जावई म्हणाला.

आणि त्याच क्षणी दुसऱ्या ओळीवर दोन तळवे उमटले. मग आणखी दोन. मग सहा. निळे, पांढरे, फुगलेले.

"हे काय? खोळी तर तुमच्याकडे आहेत!"

मावशीनेही डोळे बारीक केले. खोळी नव्हत्या त्या. लोकांनी बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून वर गाठ मारली होती. माणसाला आत घुसायचंच असलं की त्याचं डोकं कुठे कुठे चालतं! हेच डोकं चीर बघायला चालवलं असतं तर!

जावयाने फोन लावला. दोनदा भलताच नंबर लागला. कंडक्टरचा आवाज एवढा मोठा की मावशीलाही ऐकू आला.

"साहेब, पाटीवर पाय झाकलेले असावेत असं आहे. झाकलेत. खोळच पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

"बाहेर काढा! सगळ्यांना बाहेर काढा! तिसरी ओळ, पाचवी काच, तिच्यावर कोणाला पाय ठेवू देऊ नका!"

"लेखी हुकूम…"

मावशीने फोन हिसकावला. "अहो कंडक्टर, बस पेटलीय. आधी माणसं उतरवा, तिकिटं मग बघा!"

ही भाषा त्याला कळली. वरून त्याचा गळा ऐकू आला, तीस वर्षं भरलेल्या बसमध्ये कमावलेला: "चला, चला, कडेने उतरा! धावायचं नाही! आजी, पिशवी सुटलीय तुमची, हात द्या!" तळवे कडेकडे सरकू लागले. एक छोटा तळवा मात्र तिसऱ्या ओळीकडे उड्या मारत निघाला. जावयाने मावशीचा दंड एवढा घट्ट धरला की चार दिवस वळ राहिला. चौथ्या काचेवर तो तळवा हवेत उचलला गेला आणि परत आलाच नाही. कोणीतरी पोराला बखोटीला धरून उचललं होतं. मग सगळ्या काचा रिकाम्या झाल्या. नुसतं ऊन आणि ती रेघ.

जावई वाटेवरच बसला. मावशीने त्याला बसू दिलं, पण फार वेळ नाही.

अभियंता मंगळवारऐवजी त्याच दुपारी आला. जावयाने फोनवर चीर म्हटल्यावर रविवार आठवला नाही त्याला. तोवर बसमधले पाहुणे शिव्याशाप देत परत गेले होते, वरच्या ऑफिसातल्या पाहुण्यांनी "एवढ्या लांबून बोलावून हेच दाखवायचं होतं का?" असं विचारून झालं होतं, आणि त्यांच्यातल्या एकीने मावशीला खोळी चोरणारी बाई असंही म्हटलं होतं. मावशीने ते ऐकलं आणि गिळलं. किती जणांशी भांडायचं एका दिवसात?

अभियंत्याने काच तपासली आणि म्हणाला, "तीन काचा एकावर एक चिकटवलेल्या असतात. वरची गेलीय. खालच्या दोन शाबूत आहेत. कोणी पडलं नसतं."

जावयाचा चेहरा उजळला. मावशीचा पडला. बघा, म्हणजे उगाच तमाशा केला, असं तो आता म्हणणार, हे तिला दिसतच होतं.

"पण," अभियंता म्हणाला, "पायाखाली काच कडाडली असती तर लोक दाराकडे धावले असते. दार एकच, अरुंद. तिथे चेंगरले असते ते कोणत्या काचेने वाचवले असते? कळलं कसं तुम्हाला?"

"यांना कळलं," जावई म्हणाला. "गुरुवारीच. मी ऐकलं नाही."

"मग उरलेल्या पस्तीसही आत्ताच बघून घेऊ. एकाने नख फिरवायचं, एकाने काचेलगत तिरपी बॅटरी धरायची. मी खालून बघतो."

नख फिरवणार मावशी. बॅटरी कोण धरणार? कंडक्टर म्हणाला, माझी जागा दारात. दार सोडून मी कधी गेलो नाही, जाणार नाही. अभियंता केव्हाच पायवाटेला लागला होता. मावशीने जावयाकडे बघितलं नाही. समुद्राकडच्या टोकाला जाऊन ती गुडघ्यावर बसली आणि वाट बघत राहिली. तिच्या आयुष्यात असं फार वेळा झालं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मागे घसटल्यासारखा आवाज आला. इस्त्रीची पँट, बूट काढलेले, बॅटरी दातांत धरलेली: जावई चार पायांवर रांगत, एकेक काच हाताने चाचपत, येत होता. पोचल्यावर त्याने बॅटरी तोंडातून काढून काचेलगत धरली. दोन्ही डोळे गच्च मिटलेले.

"जावईबापू," मावशी म्हणाली, "उजेड पाण्यात पाडताय. डोळे उघडा."

"नाही उघडत."

"मग हात तरी डावीकडे घ्या. आणखी. आणखी थोडा. हं, तिथेच धरा, आणि बोलत राहा काहीतरी, नाहीतर पुन्हा उलटी कराल. काच मी आत्ताच पुसलीय."