आयुधपूजेच्या दिवशीचे सतरा टक्के

हसायचं नाही, असं आधी कबूल करा म्हणजे सांगतो. करत नाही? राहू द्या. हा किस्सा ऐकून माझी सख्खी बायको अजून हसायची थांबलेली नाही, मग तुमचं काय घेऊन बसलात! जरा कॉफी ओता आणि ऐका. एवढ्या जिद्दीने, एवढ्या पुराव्यानिशी आणि वर सही ठोकून कुणी स्वतःचं हसं करून घेतल्याचं तुम्ही ऐकलं नसेल.

आणि हो, माझी मराठी तंजावूरची. तुमच्यासाठी जरा झाडूनपुसून बोलतो, पण मधेच तमिळ आलं तर सांभाळून घ्या.

नव्वदीनंतरची ती वर्षं. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड लागले होते. न्हाव्याच्या दुकानाच्या माडीवर क्लास, तांदळाच्या गोदामात क्लास! पापनाशमहून, ओरत्तनाडूहून पोरं बसने येऊन शिकून जायची. त्या लाटेत मला एका खासगी कॉलेजात नोकरी लागली. तात्पुरती. कॉलेजने एक मोठं युनिक्सचं यंत्र घेतलं होतं. एक भलीथोरली पेटी आणि तिला तारांनी जोडलेले आठ टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. आठ जण आठ ठिकाणी बसून एकाच पेटीवर काम करायचे. सात टर्मिनल माझ्या खोलीत, आठवा ऑफिसात तुळजाक्काच्या टेबलावर. त्या पेटीचा राखणदार मी.

तुळजाक्का आमच्यातलीच, मराठी घरातली. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. आधी टाइपरायटर बडवायची, आता सगळ्या विद्यार्थ्यांची नावं, हॉल तिकिटं यंत्रात भरायची. नऊ वर्षं रोजंदारीवर! त्या वर्षी मात्र विजयादशमीला तिला कायम करायचं ठरलं होतं. ऑर्डर टाइप होऊन तयार होती. सही तेवढी राहिली होती.

सही करणार होते अय्या. अय्या म्हणजे कॉलेजचे करस्पॉन्डंट. तुमच्याकडे ज्याला संस्थाचालक म्हणतात ना, ते. पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे आमचं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि देवधर्मात एक इंच इकडचं तिकडे खपायचं नाही.

तर आली आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांना, यंत्रांना, पुस्तकांना विसावा. सुतार करवतीला हात लावत नाही आणि मुलं अभ्यासाला, मुलं तर फारच भक्तिभावाने! दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पुन्हा पूजा करायची आणि मग कामाला लागायचं.

अय्यांनी मला बोलावलं. "त्या पेटीला उद्या पूर्ण विसावा हवा. बंद करून टाक."

ती पेटी बंद केली की पुन्हा चालू होताना काय काय नखरे करायची ते मलाच ठाऊक. मागे एकदा वीज गेली तेव्हा दीड दिवस तिच्या विनवण्या करत होतो.

"सार, बंद नको. चालू राहू दे, पण कुणी काम करणार नाही. झोपलेला माणूस श्वास घेतोच की!"

अय्यांना ते पटलं. "बरं. पण कुणी हात लावला नाही याची हमी?"

"माझी हमी, सार!"

दिली हमी. अहो, आम्ही कोण? मराठी राजांबरोबर इकडे आलेल्यांचे वंशज! तीनशे वर्षांत आमच्या घराण्यात कुणी पराक्रम केल्याचं ऐकिवात नाही, पण शब्दाचे पक्के.

पूजेच्या दिवशी सकाळी पेटीला झेंडूची माळ घातली. प्रत्येक कीबोर्डवर गंध. पेटीच्या दर्शनी भागावर डिस्कचा छोटा लाल दिवा असतो, डिस्क चालली की लुकलुकतो. अय्यांना ते बरोबर कपाळ वाटलं. त्यांनी त्या दिव्यावरच भरपूर गंध थापलं आणि वर कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. नमस्कार झाले, सुंडल, म्हणजे खोबरं घातलेल्या हरभऱ्यांचा प्रसाद, वाटलं, सगळे घरी गेले.

मी नाही गेलो. हमी दिली होती ना! खोलीला आतून कडी लावून पहाऱ्याला बसलो.

अकरा वाजता मनात शंका आली. पेटी खरंच विसावा घेते आहे हे कळणार कसं? दिवा तर गंधाखाली गेलेला. आणि मग मला आठवलं की अशा वेळेसाठीच तर मी जाडजूड मॅन्युअल वाचून ठेवलंय!

सोपं करून सांगतो, घाबरू नका. यंत्राच्या पोटात कर्नल नावाचा मुख्य प्रोग्रॅम असतो. कारभारीच म्हणा. डिस्क किती वेळ कामात होती, किती वेळ रिकामी, सगळं तो मोजून ठेवतो. आपण एक छोटी आज्ञा टाइप केली की सांगतो: डिस्क इतके टक्के कामात.

आता तुम्ही म्हणाल, अरे, पण हात लावायचा नव्हता ना? तेच मलाही वाटलं, क्षणभर. पण नुसतं बघणं म्हणजे काय काम? देवळाचा रखवालदार दार लोटून बघतोच की!

एंटरच्या बटणावरचं गंध नखाने खरवडलं, आज्ञा टाइप केली, आणि उडालोच.

डिस्क सतरा टक्के कामात!

विसावा घेणारी पेटी, दाराला कडी, खोलीत मी एकटा, आणि सतरा टक्के? पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं. सतरा. आणखी पाच मिनिटांनी पाहिलं. सतरा! म्हणजे कुणीतरी अगदी शांतपणे, एका लयीत, ठिय्या मारून काम करत होतं.

माझ्या खोलीतले सात टर्मिनल माझ्या डोळ्यांसमोर. उरला आठवा. आत्ता यंत्रावर कोण कोण आहे ते विचारलं. दोन नावं आली. एक माझं, दुसरं तुळजाक्काचं.

ऑफिसची एक किल्ली तिच्याकडे असायची. घर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत. आणि कालच मला म्हणाली होती, "दोनशे नावं राहिलीत रे तंबी, जीवाला चैन नाही." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. म्हणजे मागच्या दाराने येऊन आत बसली!

धावत ऑफिसकडे गेलो. दाराला कुलूप. दाराला कान लावला तर काही ऐकू येईना. किती हळू टाइप करते आहे बघा, काय हुशार बाई! मी मनात म्हटलं.

खरं सांगतो, तेव्हाच घरी गेलो असतो तर बरं झालं असतं. तुळजाक्काने मला काय कमी केलं होतं? रोज दुपारी तिच्या डब्यातला अर्धा भात माझ्या ताटात. पण हमी माझी होती. उद्या अय्यांना कुठून कळलं तर माझी अब्रू काय राहील? पकडायचंच, पुराव्यासकट पकडायचं, असा मी चंग बांधला.

दर पाच मिनिटांनी आकडा काढायचा आणि प्रिंटरवर एक ओळ छापायची. कर्र, कर्र, कर्र! प्रिंटरवरची झेंडूची फुलं उडून माझ्या मांडीवर पडत होती. जेवायला गेलो नाही. पाठ धरली, डोळे चुरचुरले, पण एक पाळी चुकवली नाही. संध्याकाळी चारला पूर्ण कागद भरला. वरपासून खालपर्यंत सतरा, सतरा, सतरा. खाली लिहिलं, 'वरील नोंदी मी स्वतः घेतल्या असून पूर्णपणे खऱ्या आहेत,' आणि घसघशीत सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. पूजा झाली. अय्या खुर्चीत बसलेले, पुढे तुळजाक्काची ऑर्डर, हातात पेन. तुळजाक्का नवीन लुगडं नेसून उभी. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर सेल्वराजही तिरुचीहून पूजेला आलेला.

अय्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मी पुढे झालो.

"सार, सही करायच्या आधी हे बघा."

कागद ठेवला आणि घडाघडा सगळं सांगितलं. बंद दार, मागची गल्ली, दोनशे नावं, सतरा टक्के. अय्यांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं. तो टक्क आवाज अजून माझ्या कानात आहे.

"तुळजा, काल यंत्रावर काम केलंस?"

"नाही, अय्या. काल घरीच होते. देवासमोर."

"मग यंत्रावर तुझं नाव कसं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे वळली. "बंद करताना मन झालं नाही रे. पूजेच्या आदल्या दिवशी दिवा मालवल्यागत वाटलं. म्हणून पडद्यावर रेशमी पंचा घातला आणि तसंच ठेवून गेले. मज काय ठाऊक, नाव राहतं म्हणून?" मग अगदी हळू म्हणाली, "नऊ वर्षं झाली, तंबी. आज तूच आडवा आलास कां?"

तिचे डोळे भरले होते. पण माघार? हातात पुरावा असताना? मी म्हटलं, "अक्का, मी काय करू? आकडे खोटं बोलत नाहीत!"

तेवढ्यात सेल्वराजने कागद उचलला. वरून खाली वाचला. मग मला विचारलं, "आज्ञेच्या पुढे सेकंदांचा आकडा लिहिला होतास?"

"कसला आकडा?"

"मॅन्युअलमधलं पुढचं पान वाचलंस?"

आता काय सांगू? तिथवर पोचेपर्यंत झोप आली होती.

सेल्वराजने कपाळावर हात मारला. "अरे, पुढे सेकंद लिहिले नाहीत, तर कर्नल एकच ओळ देतो. ती आत्ताची नसतेच! यंत्र शेवटचं चालू केल्यापासूनची सरासरी असते. कधी चालू केलं होतंस?"

"महिना झाला."

"मग ही महिन्याची सरासरी. एखादं पोर रोज सरासरी चार इडल्या खातं, म्हणून एकादशीलाही त्याने चार खाल्ल्या, असं म्हणशील?"

अय्यांनी मान वर केली. "म्हणजे हे सतरा टक्के कालचे नाहीत?"

"नाही, सार. हे महिनाभराचं काम. यात रात्री आल्या, रविवार आले, तरी सतरा! दिवसा तर ही डिस्क दम खात नसणार. या यंत्रावर एवढं काम करतं कोण?"

सगळे तुळजाक्काकडे बघत होते. मी जमिनीकडे.

पण अय्या पक्के. "ते झालं. काल कुणी हात लावला का, हे कळेल?"

"कळेल की! तासातासाची वेगळी नोंद असते." सेल्वराज बसला, दोन-चार बटणं दाबली. "तुळजाम्मांच्या टर्मिनलवर काल एकही अक्षर उमटलेलं नाही. डिस्क पहाटेपासून शांत, नुसती श्वास घेते आहे. अकरापर्यंत शांत, आणि अकरानंतर... अरेच्चा! दर पाच मिनिटांनी कुणीतरी उठवलंय बिचारीला. थेट चार वाजेपर्यंत. शिवाय प्रिंटरही चाललाय!"

अय्या खुर्चीतून अर्धे उठले. "पूजेच्या दिवशी? पाच तास? कोण तो?"

पळून जावं म्हटलं तर दारात गर्दी. शेवटी मीच हात वर केला. बोटाला कालचं गंध अजून लागलेलं होतं.

"मीच, सार. कुणी काम करतं का, ते बघत होतो."

मग अय्यांनी काय करावं? पेनाचं टोपण काढलं, तुळजाक्काच्या ऑर्डरवर सही केली. मग माझा कागद उचलला आणि तिच्या ऑर्डरला टाचणीने जोडला.

"तुळजाच्या कामाची याहून चांगली शिफारस कोण देणार? वर सहीसुद्धा आहे, नोंदी पूर्णपणे खऱ्या आहेत म्हणून!"

माझी नोकरी आणखी एक वर्ष तात्पुरती राहिली. तो कागद तिच्या फायलीत कायमचा राहिला.

मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. लाज म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. तुळजाक्का मागून आली. म्हटलं, आता दोन थोबाडीत बसणार, आणि बसल्या तर बऱ्या. तर तिने केळीच्या पानावरचं सुंडल माझ्यापुढे धरलं.

"अक्का, मला माफ कर," कसंबसं म्हणालो.

"सरि, सरि. असू दे. आधी खा," ती म्हणाली. "अख्ख्या कॉलेजात काल काम केलं ते तू एकट्याने. भूक लागली असेल."