कमानीबाहेरची बस

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी गुलाबी-हिरव्या रंगाची स्वागत कमान होती. ती माझ्यामुळं उभी राहिली, हे मी वर्षानुवर्षं येईल त्या पाहुण्याला सांगत आले. आता सांगते तेव्हा पदर तोंडाला लावून सांगते.

तेव्हा मी तिशीतली. सोयगावकडच्या खेड्यातली, शाळेसाठी रोज कोसभर धूळ तुडवलेली. लग्न होऊन शहरात आले आणि मनाशी ठरवलं, आता पायी चालायचं नाही. चालतात ते गावाकडचे. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी ह्यांनी स्कूटर काढावी हा माझा हट्ट. मागं एका बाजूला बसायचं, पदर पुढं घ्यायचा आणि चालणाऱ्या बायकांकडं असं बघायचं, जणू मी निजामाच्या घरची आणि त्या माझ्या रयतेतल्या.

त्या वर्षी वॉर्डाला थोडा निधी आला. तेव्हा सिटी बस कॉलनीत शिरून थेट मारुतीच्या देवळापर्यंत यायची. नगरसेवक भला माणूस, त्यानं आम्हालाच विचारलं, की आतल्या रस्त्याला फूटपाथ आणि देवळाजवळ बसची शेड करू, का तोंडाशी कमान बांधू?

"शेड मागू," हे म्हणाले. "बाया उन्हात उभ्या राहतात."

"शेड म्हशींना करतात," मी म्हणाले. "कमानीनं कॉलनीला तोंड येतं."

मग मी घरी हळदीकुंकू केलं. एका हातानं स्टीलची वाटी द्यायची, दुसऱ्या हातानं अर्ज पुढं करायचा. वाण हातात पडल्यावर कोण काय वाचतंय? कुंकू ओलं होतं तोवर सगळ्यांच्या सह्या झाल्या.

बांधकामाच्या वेळी मिस्त्री म्हणाला, "ताई, वर दोन हत्ती बसवायचे तर पैशात बसत नाय. उंची कमी करावी लागंल."

"करा की," मी म्हणाले. "हत्ती पाहिजेत."

हत्ती झाले. सोंड नसती तर डुकरं म्हणूनही खपले असते, पण तेव्हा मला ऐरावत दिसले. कमानीचा एक पाय बरोबर तिथं रोवला, जिथून लोक चालत जायचे. मला त्याचं काय! मी कुठं चालत होते?

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बस आली आणि कमानीपाशी थांबली. कंडक्टर खाली उतरला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ वर बघत राहिला. त्याला हत्ती आवडले असं समजून आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं दोनदा शिट्टी मारली आणि बस मागं मागं गेली. बसचं टप कमानीखालून जात नव्हतं. ती पुन्हा कॉलनीत आलीच नाही. मोठ्या रस्त्याच्या पलीकडं थांबायला लागली.

"बरं झालं," मी म्हणाले, "कॉलनीत धूर नको."

हे एवढंच म्हणाले, "हत्ती आत आले, बस बाहेर गेली." पुढं भांडण कुठलंही असो, ह्यांचं शेवटचं वाक्य हेच असायचं.

आता मी सत्तरी ओलांडली. स्कूटर कधीच विकली, ह्यांना दिसतं कमी, माझे गुडघे चढउताराचा हिशेब ठेवतात. आणि दर गुरुवारी मला गुलमंडीत जायचं असतं. तिथं कापडाच्या दुकानांमागं, एक जिना चढून वर माझी थोरली बहीण राहते. आक्कानं दोन वर्षं झाली, जिना उतरलेला नाही. आमच्या गावची, आईच्या हातचं ताक चाखलेली आता आम्ही दोघीच उरलो. बाकीच्यांना ते ताक कसं होतं हे सांगावं लागतं. आम्हा दोघींना नुसतं आठवलं तरी पुरतं.

घर ते बस थांबा म्हणजे एका बाजूला उघडी गटार, दुसऱ्या बाजूला उभ्या गाड्या, मध्ये मी. कमानीपाशी तर खांबाला वळसा घालून भर रस्त्यात उतरायचं. दिवाळीच्या आसपास तिथंच एका टेम्पोच्या आरशात माझी पिशवी अडकली. पिशवी गेली, मी राहिले. पिशवीत आक्कासाठी केलेल्या करंज्या होत्या.

मुलानं फर्मान काढलं. "आई, आता एकटीनं बसनं जायचं नाय. रविवारी मी कारनं नेतो."

दहा रविवार गेले, कार काही निघाली नाही. आक्काचा फोन आला, "तू येतीस का मीच मरून तुझ्याकडं येऊ?"

त्याच आठवड्यात नवी नगरसेविका पेढे घेऊन घरी आली. नातीच्या वयाची म्हणावी इतकी तरणी, बोलायला गोड.

"आजी, यंदाच्या निधीतून कमानीचं नूतनीकरण करतोय. लायटिंग, खाली सेल्फी पॉइंट. मूळ कमान तुमच्या पुढाकारानं झाली म्हणं. त्या दिवशी तुमचा सत्कार ठेवलाय."

आतल्या खोलीत ह्यांना जोराचा खोकला आला. तो खोकला नव्हता.

चाळीस वर्षं ज्या शालीची वाट पाहिली ती दारात आली होती. मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे लगेच बोलावं लागणार नव्हतं. मग म्हणाले, "येते की. पण आधी तुम्ही माझ्याकडं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या. गुरुवारी, दहा वाजता."

"नक्की. घरीच ना?"

"निघायचं घरून. कुंकू बस थांब्यावर. गाडी आणू नका, तिथं लावायला जागा नाय."

तिनं दाराबाहेरच्या गाडीकडं एकदा बघितलं. पण हळदीकुंकवाला नाही म्हणायची आपल्यात सोय नाही, आणि नुकत्याच निवडून आलेल्या बाईला तर मुळीच नाही.

गुरुवारी काठापदराच्या साड्यांत आम्ही सोळाजणी निघालो. दोघींनी शेजारी चालावं एवढी जागाच नव्हती, मुंग्यांसारखी रांग. कमानीच्या खांबापाशी नगरसेविका रस्त्यात उतरली, मागून रिक्षाचा हॉर्न वाजला, ती दचकली आणि तिची एक चप्पल गटारीत गेली.

"माझ्या करंज्या इथंच गेल्या," मी म्हणाले.

मोठ्या रस्त्यावर तिनं हात वर केला. प्रचारात हात केला की लोक थांबायचे. ट्रक थांबला नाही. तेव्हा तिनं माझा हात धरला. कोण कुणाला पलीकडं नेत होतं, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

थांब्यावर कुंकू लावलं, तिळगूळ दिला. "आणि वाण?" एकीनं विचारलं.

"वाण येतंय," मी म्हणाले. बस आली. सोळा तिकिटं काढली आणि एकेकीच्या हातात गुलमंडीचं तिकीट ठेवलं. वाण परत करत नाहीत. एका चपलेची नगरसेविकाही चढली.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, लग्न कुठंय?"

सोळा बाया जिना चढताना ऐकून आक्का ओरडली, "अगं, कोण वारलं?"

तिला सगळं समजल्यावर तिनं नगरसेविकेला जवळ बसवलं. "व्हय, इचा सत्कार करा. पण आधी इला विचारा, बस कुणी घालवली?"

मग मी सांगितलं. शेड, वाट्या, मिस्त्री, हत्ती, टाळ्यासुद्धा. नगरसेविका हसता हसता थांबली.

"आजी, लायटिंगचं पत्र अजून गेलेलं नाय. पण कमान पाडली तर लोक मला शिव्या देतील."

"माझं नाव सांगा," मी म्हणाले. "म्हणावं, जिनं बांधली तीच पाडायला लावतीय. पहिली सही माझी."

त्या सह्यांना मी वाण दिलं नाही. प्रत्येकीला अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. तीन घरी भांडण झालं, एक शेजारीण अजून बोलत नाही. तिच्या लेकाच्या लग्नाचे फोटो त्या हत्तींखाली काढलेत, तिचंही खरंच आहे.

कमान उतरवायच्या दिवशी नारळ मी फोडला आणि शालही तेव्हाच घेतली. एक हत्ती हे घरी घेऊन आले. तुळशीपाशी ठेवलाय, भांडण झालं की त्याच्याकडं नुसतं बोट करतात. फूटपाथ देवळापासून अर्धाच झालाय, शेड अजून व्हायची आहे. पण मागच्या गुरुवारी बस आत आली. मी देवळापाशी उन्हात, म्हशीसारखी, उभी होते. चढले, खिडकीशी बसले आणि आक्काला फोन लावला.

"एकटी निघालेय. दार उघडं ठेव."

"एकटीच ना नक्की?" आक्का म्हणाली. "घरात कपबश्या चारच हायेत."