खालची बाजू

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दुपारी वासूअण्णा गेले. विषमज्वर होता. त्याच दिवशी सकाळी ताप उतरला होता.

भोरच्या शाळेत ते बीजगणित शिकवीत, मी मराठी. घरं शेजारी, ते वयानं बरेच मोठे, म्हणून अण्णा. उभ्या दोन रेघांमधली संख्या हा त्यांचा आवडता भाग. परीक्षेला तो येत नसे, तरी दरवर्षी शिकवायचेच. रेघांच्या आत धन असो की ऋण, बाहेर फक्त अंतर येतं, असं ते सांगत. फळ्यावर |क्ष − ५| < ३ मांडून खडू पुढं करीत. मुलं लिहीत, क्ष आठाहून कमी. मग अण्णा हळूच विचारीत, "आणि खालची बाजू?" क्ष दोनाहून जास्तही हवा, हे कुणाच्याच ध्यानात राहत नसे. एकदा त्यांनी फळ्यावर गाय काढली. बांधावर खुंटी, गळ्यात दोर, गाय कुठून कुठवर चरेल? हिर्डोशीचा एक मुलगा उठला. "गुरुजी, आमची गाय तिकडल्या अंगाला न्हाई जायाची. तिकडं मामाचं भात हाय, मामा काठी घिऊन बसलाय." अण्णा म्हणाले, "गणिताला मामा नसतो रे. दोर केवढा, तेवढं सांग." आणि स्वतःच हसत बसले...

तुळशीच्या लग्नानंतर आंबवड्याहून परतले ते अंगात कणकण घेऊनच. ताप हटेना. डॉक्टरांनी थर्मामीटर आमच्याकडेच ठेवला आणि बजावलं, पारा फार चढला तर बोलवा. वहिनी कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवीत, मी पारा बघे. दारात येणारा जो तो विचारी, "आज किती चढला?" आमचे सगळ्यांचे डोळे वरच्या आकड्यांवर खिळलेले.

त्या गुरुवारी अंग गार लागलं. वहिनींनी देवापुढं साखर ठेवली आणि कितीतरी दिवसांनी वेणी घालायला बसल्या. मी अण्णांना म्हणालो, "उतरला हो ताप."

"किती?"

"शहाण्णव."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ वाळले होते. "खालची बाजू..." एवढंच म्हणाले. मला वाटलं, वातात वर्ग घेताहेत. मग कपाळावरचा घाम हाताला लागला, तो थंड होता, आणि मी डॉक्टरांकडे धावलो.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि मला ओसरीवर नेलं. "आतड्यातून रक्त जातंय. म्हणून ताप उतरला."

"लवकर आलो असतो तर?"

"तर मी लवकर येऊन बसलो असतो. यावर माझ्याकडे काही नाही."

आत वहिनी विचारीत होत्या, "आता पेज द्यायची ना भावजी?" मी आत जाऊन पायांशी बसलो. अण्णांचे पाय चोळत राहिलो, ते ऊन होईनात... दुपारी चोळायचंही थांबवावं लागलं.

बीजगणिताचा तास सध्या मी घेतो. मला ते नीट येत नाही. मुलं अजून आठाहून कमी लिहितात आणि थांबतात. मीही क्षणभर थांबतो.

थर्मामीटर परत करायला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, राहू द्या. तो माझ्या टेबलावर आहे. झटकल्याशिवाय त्यातला पारा खाली येत नाही. मी झटकलेला नाही. पारा शहाण्णवावर आहे.