पखालवाल्याच्या उंचीवर

शमीम गेल्याचं तिच्या मुलानं, आसिफनं, मला फोनवर सांगितलं आणि जरा थांबून विचारलं, "मावशी, ते पत्रे तुम्हाला हवेत का?" आई जाऊन अजून दुपारसुद्धा झाली नव्हती... माझं डोकंच फिरलं. घर माणसांनी भरलेलं होतं, सगळ्यांपुढे त्याला रडायचं नव्हतं आणि तोंडाला येईल ते तो बोलत होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी ताडकन म्हणाले, "नकोत. तिच्या भिंतीवर आहेत, तिथंच राहू देत." आणि फोन ठेवून मग रडले.

पत्रे म्हणजे शमीमच्या लोणावळ्याच्या बंगल्यातली चित्रं. बंगला लहानसाच. खाली ती राहायची, वर शनिवार-रविवारचे पाहुणे. त्यांची जेवणाची खोली खालीच होती आणि तिथल्या भिंतींवर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर छापलेल्या जुन्या लढाया होत्या. तोफा, हत्ती, धूर, फेटे, उधळलेले बैल. कधीकाळी कुणा गोऱ्या कारागिरानं रेघ न् रेघ कोरून काढलेली ही चित्रं. पुण्याच्या जुन्या बाजारातून तिनं आधी कागदावरची आणली होती. लोणावळ्याच्या ओलीनं पहिल्याच पावसाळ्यात ती खाल्ली. घोड्यांच्या पायांना हिरवी बुरशी चढली, सेनापतीचं तोंड फुगून वर आलं. दुसरी कुणी असती तर नाद सोडला असता. ही तेच कागद वाळवून, पत्र्यावर छापून घ्यायला छपाईवाल्याकडे गेली. त्यानं शहाणपणा केला, "मावशी, हॉलिडे होम ना? मग धबधब्याचं करा. लोकांना फ्रेश वाटतं." शमीम म्हणाली, "धबधबा खिडकीतनं फुकाट दिसतो. हे न्हाई दिसत कुटं."

आम्ही दोघी कान्हे गावच्या, शाळेत एका बाकावरच्या. मी शिकून मास्तरीण झाले आणि माझी बोली पार पुस्तकी झाली. शमीमनं आपली बोली मुंबईच्या पाहुण्यांपुढेही बदलली नाही. तिचे आजोबा पखालीनं पाणी भरायचे. कातड्याची भरलेली पखाल पाठीवर, कंबर वाकलेली, दारोदार. शाळेत पोरी तिला त्यावरून चिडवायच्या. ती रडायची नाही, उलट विचारायची, "मग काल चहा कशाचा पिलात गं?" इतिहासाच्या तासाला मात्र ती गप्प असायची. पुढं कधीतरी त्या जुन्या बाजारात तिला या चित्रांतलं एक दिसलं. मधोमध घोड्यावर सेनापती, मागं फौज... आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, पाठीवर पखाल घेऊन वाकलेला एक माणूस. त्याची मान तेवढी वर वळलेली, बघणाऱ्याकडे. तिनं तिथूनच मला फोन केला. "मंगल, आमचे आबा घावले गं. लढाईत व्हते."

तिचे आबा त्या लढाईत असणं शक्य नव्हतं, ती फार जुनी. हे तिलाही कळत होतं. मी हिशेब सांगायला लागले तर म्हणाली, "तू गप."

पत्रे बसवायला टाकवे गावचा सुतार आला होता. शमीमनं भिंतीवर खडूनं खूण केली ती कमरेच्या खाली. तो म्हणाला, "मावशी, हे लय खाली व्हतंय. मानूस हुबा ऱ्हायला तर सेनापती त्याच्या पोटाशी येतोय." "येऊ दे," शमीम म्हणाली, "जेवनारा खाली पाटावर बसलेला असतोय. बसल्यावर डोळ्याम्होरं कोन पायजे, ते मी ठरवनार." आणि तसंच झालं. तिच्याकडे जेवायला बसलं की समोर पखालवाला. घोडेस्वार बघायचा तर मान वर करावी लागे. पुसायची रीतही तिची तशीच. दर शुक्रवारी सकाळी स्वच्छ फडकं आधी कोपऱ्यातल्या माणसावरून, मग बैल, मग हत्ती. सेनापतीच्या वाट्याला शेवटचं मळकं फडकं यायचं.

लोकांना ते खुपलं. बुकिंग मिळवून देणारा एजंट म्हणायचा की फॅमिलीवाले रिलॅक्स व्हायला येतात, लढाया काढा. एकदा मी तिथं असताना एका पाहुण्यानं जेवता जेवता विचारलं, "ही चित्रं लावलीत, पण तुम्ही लोक नक्की कुणाच्या बाजूचे?" माझ्या हातातला घास हातातच राहिला. शमीमनं त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ह्याच्या बाजूची. आमटी वाढू का?" त्या माणसानं नंतर इंटरनेटवर काहीबाही लिहिलं, काही बुकिंगं गेली. मी घाबरून म्हणाले, थोडे दिवस उतरवून ठेव. ती माझ्यावर अशी भडकली की महिनाभर फोन उचलला नाही. पत्रे हलले नाहीत.

ती शांतपणे गेली, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. ती शांतपणे गेली नाही. दवाखान्यात तिनं डॉक्टरांशी वाद घातला, पथ्याचं जेवण परत पाठवलं आणि शेवटच्या भेटीत, बोलायला दम पुरत नव्हता तरी, मला विचारलं, "शुक्रवार झाला का? पत्रे पुसले का कुनी?" मी पुसले होते. "आदी कोन?" तिनं विचारलं. मी सांगितलं. मग तिनं डोळे मिटले.

चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला मी लोणावळ्याला गेले. जेवणाच्या खोलीत पाऊल टाकलं आणि थबकले. पत्रे होते, सगळे होते, पण वर चढवलेले. सेनापती थेट माझ्या डोळ्यांसमोर, ऐटीत. आसिफ मोठ्या हौसेनं म्हणाला, "मावशी, नीट करून घेतलं. आई फारच खाली लावून बसली होती. डोळ्याच्या उंचीला असतात ना फोटो."

"कुणाच्या डोळ्याच्या?"

"म्हणजे... उभ्या माणसाच्या."

"आणि जेवायला काय उभं राहतात तुझ्याकडे?"

मी एक पाट ओढला आणि म्हणाले, "बस इथं. आई बसायची तसा." तो बसला. समोर कोरी भिंत आणि जुन्या स्क्रूंची भोकं. त्यानं एका भोकावर बोट ठेवलं, मग म्हणाला, "पाहुणे जेवून जाऊ देत, मावशी. मग करतो."

"आधी पत्रे," मी म्हणाले, "मग जेवण."

खोलीत जमलेले नातेवाईक बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, आजच्या दिवशी कशाला? मी म्हणाले, आजच. आसिफनं ड्रिल आणलं. पत्रे उतरले आणि पुन्हा त्याच जुन्या भोकांत बसले. वरची नवी भोकं बुजवायला तो पुट्टी शोधायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. राहू देत ती. कुणी विचारलं तर सांग, हितून खाली उतरवलेत.

मग आम्ही जेवायला बसलो. आसिफनं स्वतःला वाढून घेण्याआधी खिशातला रुमाल काढला, वाकला आणि कोपऱ्यातल्या माणसावरची भिंतीची धूळ पुसली. सेनापतीवरची तशीच राहू दिली.