चिमट्यातलं बारीक बोट

हा प्रसंग सांगायला लागलो की मी उठून उभा राहतो. बसून सांगण्याइतका माझा राग अजून थंड झालेला नाही.

मोखाड्याला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एका सकाळी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनी निरोप धाडला: बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं मशीन बिघडलंय, लगेच या. गेलो. खाटेवर सूर्यमाळकडची चार वर्षांची मुलगी, दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. बोटाला चिमटा, चिमट्यात लाल दिवा आणि मशीनवर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा.

"हिला आत्ताच्या आत्ता नाशिकला हलवायला हवं," सिस्टर म्हणाल्या. पण दवाखान्याची एकुलती एक जीप तपासणीला आलेल्या साहेबांच्या दिमतीला होती.

"आकडा दाखवा, गाडी घ्या," साहेब म्हणाले. "मशीन चालू आहे, दिवा दिसतोय की! पोरीचं बोटच बारीक, त्याला मशीन काय करणार?"

"बारीकच हाय," मुलीची आई म्हणाली. "जाडं कुठनं आणू?"

माझं डोकं फिरलं. आणि डोकं फिरलं की मला नाटक सुचतं.

त्या चिमट्यात दिवे दोन असतात. एक लाल आणि दुसरा इन्फ्रारेड, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसला, डोळ्यांना न दिसणारा. दोघांचा उजेड बोटातून जातो. रक्तानं कुठला किती शोषला, त्यावरून ऑक्सिजन कळतो. एक मेला की सगळंच बंद. साहेबांच्या कारकुनाच्या गळ्यात नवाकोरा डिजिटल कॅमेरा होता. तो मी मागून घेतला, खिशातला रिमोट समोर धरला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जांभळट ठिणगी!

"बघा साहेब, न दिसणारा दिवा यात दिसतो." मग चिमटा धरला. लाल ठिपका, जांभळं काही नाही.

"कॅमेऱ्याचं काय खरं!"

"मग तुमचं बोट द्या." चिमटा त्यांच्या गुबगुबीत बोटाला लावला. रेघाच. "आता हेही बारीक म्हणू का?"

कारकून खोकत भिंतीकडे वळला. सिस्टर थांबल्याच नव्हत्या. मुलीला उचलून जीपमध्ये बसल्यासुद्धा. साहेब स्टँडवर एसटीची वाट बघत बसले. मी मुद्दाम दोनदा समोरून गेलो.

मुलगी वाचली. पुढे नवा चिमटा आला, तेव्हा तिला दाखवायला आणलं होतं. सिस्टरनी मला हाक मारली. चिमटा लावला आणि आकडा झटकन उमटला.

बोट तेवढंच बारीक होतं.