मधेनपडे आणि हिरवा बाक

चौकातल्या केशकर्तनालयाच्या मालकाला सगळा बाजार 'मधेनपडे' म्हणायचा. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारच्या शिंप्याने एकदा गिऱ्हाइकाच्या कोटाबरोबर स्वतःची बाहीही शिवून टाकली. हे समोर बसून बघत होते. "बोलला का नाहीस?" विचारलं, तर म्हणे, "मी कुठे शिवली?"

एके सकाळी दुकानासमोरच्या बाकाला रंगाऱ्याने हिरवागार रंग दिला, 'रंग ओला आहे' अशी पाटी टेकवली आणि तो गेला. पाठोपाठ वारा आला आणि पाटी गटारात. मधेनपडे तेव्हा निवृत्त मास्तरांची दाढी करत होते.

"अहो, पाटी पडली. उचला की," मास्तर फेसातून बोलले.

"कशाला विकतचं दुखणं? मी उभी केली आणि उडून कुणाला लागली, तर नाव माझं. आत्ता पडलीय ती वाऱ्याने."

तेवढ्यात गाण्याच्या बाई आल्या. कार्यक्रमाला निघालेल्या, अंगावर पांढरेशुभ्र कपडे. दारातून आरशात बघून त्यांनी केस सारखे केले आणि बाकावर बसल्या. उठून गेल्या तेव्हा पाठीवर पाच हिरवे पट्टे! मधेनपड्यांनी हे सगळं आरशातून बघितलं, पण वस्तरा चालूच राहिला.

मग डबा घेऊन त्यांची बायको आली. बाकाकडे वळली मात्र, यांचं तत्त्वज्ञान खलास! वस्तरा उगारलेल्या हातानेच ते बाहेर धावले, "बसू नकोस! खबरदार!"

तो अवतार बघून भाजीवाल्याने गाडी सोडून पळ काढला. गाडी कलंडली, टोमॅटो रस्ताभर. आणि बायको दचकून धप्पकन बाकावरच बसली.

"रंग ओला आहे, हे आधी नाही सांगता येत?"

"मला तरी काय माहीत..."

"सकाळपासून माहीत आहे!" दारातून अर्धी दाढी झालेले मास्तर ओरडले.

"टोमॅटो माझ्यामुळे सांडले, कबूल," मधेनपडे म्हणाले. "पण रंगाच्या बाबतीत मी काहीच केलं नाही."

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली.

टोमॅटो गोळा होईतो गाण्याच्या बाई परतल्या. मंचावर साथीदारांना नमस्कार करायला वळल्या तेव्हा सभागृह हसलं होतं म्हणे. मधेनपड्यांनी घाईने रंगाऱ्याचं नाव घेतलं.

"त्याने पाटी लावली होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि वाऱ्याशी काय भांडू? पण तुम्ही आरशातून माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, माणूस ओळखीचं हसला."

मधेनपडे टर्पेंटाइन आणून बाईंचे आणि बायकोचे कपडे घासत बसले. पट्टे गेले नाहीत, फिके झाले. "नवे शिवून देतो," म्हणाले, तर बाई म्हणाल्या, "शिंपी मात्र दुसरा बघा."

दुपारभर ते बाकापाशी पहारा देत उभे राहिले. दुकानात गिऱ्हाइकं ताटकळली. एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत आले, त्यांनाही अडवलं.

"अहो, रंग केव्हाच वाळला!" बायको दारातून म्हणाली. "ते बिचारे उभे राहून कोसळतील, आणि तेही तुमच्याच नावावर!"

मधेनपड्यांनी बोट लावून पाहिलं. तरी भरवसा वाटेना. शेवटी स्वतःच बसले, उठले, पाठ बायकोला दाखवली, आणि मग हात धरून म्हाताऱ्यांना अलगद बसवलं.